दिवाळीतला राब

जावेनं जावेचं कौतुक केलं की ऐकणारा आधी इकडंतिकडं बघतो, आत काहीतरी भानगड असणार म्हणून. भानगड काही नाही. माझ्या थोरल्या जाऊबाई बनाबाई ह्यांच्याबद्दल मला लिहायचंय आणि जे लिहीन ते चांगलंच असणार आहे. मी रतन, भोरची. वडील संस्थानच्या कचेरीत शिपाई होते, म्हणून माझी चौथीपर्यंत शाळा झाली. मार्गासनीच्या आमच्या घरात लिहिता येणारी बाई मी एकटीच, तेव्हा हे काम माझ्याच गळ्यात पडणार होतं. शिवाय ह्या गोष्टीत मी एक गाढवपणा केलेला आहे. तो दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगितलेला बरा.

बनाबाईंना मी आक्का म्हणायची. आक्का किकवीच्या. किकवी आमच्यापासून बैलगाडीनं एका दिवसाची वाट, पण दोन्हीकडच्या पावसाचा स्वभाव अगदी निराळा. तिकडं तो पाहुण्यासारखा येतो, बेतानं राहतो. आमच्याकडं मृगाला घुसतो तो दसऱ्याला हाकलावा तेव्हा जातो. भात आणि नाचणी, एवढ्यावर आमचा संसार. कांदा कुणी लावत नसे. लागेल तेवढा बाजाराच्या दिवशी आणायचा आणि जपून वापरायचा.

आक्कांच्या आईचा, सखूबाईंचा, एक खास कांदा होता. सुपारीपेक्षा थोडा मोठा, लालसर, आणि तिखट असा की भाकरीबरोबर बुक्कीनं फोडून खाल्ला की नाकाडोळ्यांतून पाणी यायचं आणि तरी हात दुसऱ्या कांद्याकडं जायचा. एक लावला की त्याच्या बुडाशी सहा-सात कांद्यांचा घोस यायचा, म्हणून नाव घोसकांदा. ह्याचं बी धरायची रीतच नव्हती. घोसातला एक कांदा सुटा करायचा आणि जमिनीत खोचायचा, झालं काम. सखूबाईंना तो त्यांच्या आईनं दिलेला, आणि तिला कुणी दिला ते देव जाणे.

लग्न होऊन आल्यावर आक्कांनी तो आमच्या परसात लावला. आला छान. पण आढ्याला टांगलेल्या त्याच्या माळा पावसात सडायला लागायच्या, आणि दसऱ्यापर्यंत पाच-दहा कांदे राहिले तरी नशीब. म्हणून दर भाऊबीजेला आक्का किकवीला जायच्या, थोरल्या भावाला, सावळारामांना ओवाळायच्या आणि सावळाराम ताटात घोसकांद्याची माळ घालायचे. ही रीत सखूबाईंनीच पाडलेली. कार्तिक हा लावणीचा महिना, त्यामुळं भावाची ओवाळणी आठ दिवसांत आमच्या परसात मातीखाली गेलेली असायची. सासूबाई ठकुबाई टोमणा मारायच्या, "लोकांच्या सुना वव्वाळणीत चोळी आणत्यात, आमची कांदं आणती." मारायच्या टोमणा, पण कांदा सगळ्यांत जास्त त्याच खायच्या.

१९३४ सालच्या भाऊबीजेला मीही आक्कांबरोबर किकवीला गेले. माझं लग्न होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. आक्कांनी ओवाळलं आणि ताटात चोळीचा खण पडला. खण सुरेख होता, मला तर हेवाच वाटला. आक्का मात्र ताट धरून तशाच उभ्या राहिल्या.

"दादा, कांदा?"

"त्यो चिंगळा कांदा आता कोन लावतंय?" सावळाराम म्हणाले. "पुन्याच्या बाजारात मोट्या कांद्याला गिऱ्हाईक हाय. औंदा समदं रान त्याचंच केलंय."

"आन आईचं परसू?"

"तितं बी त्योच."

सखूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. नवरा गेलेला, लेकाच्या संसारात दिवस काढणारी बाई, ती काय बोलणार? पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

"मूठभर तरी ठेवायचं व्हतं," आक्का म्हणाल्या.

सावळाराम हसले. माणूस वाईट नव्हता, पण हसायचं कुठं आणि गप्प बसायचं कुठं हे काही पुरुषांना मरेपर्यंत समजत नाही. म्हणाले, "बने, तुमच्या डोंगरात कांदा टिकत न्हाई ह्यात माजा काय गुन्हा? दरसाल पदर पसरत येतीस. औंदा खण घिऊन जा."

आक्कांनी ताट खाली ठेवलं. खणाला हात लावला नाही. म्हणाल्या, "बरं दादा. आता आईचा कांदा घिऊनच ह्यो उंबरा वलांडीन. तवर मला म्हायेर न्हाई."

आम्ही गाडीत बसलो तेव्हा सखूबाई लगबगीनं आल्या आणि आक्कांच्या कानाशी लागून म्हणाल्या, "घरी असतील त्ये खाऊ नगंस, बने." सगळ्या दिवसात त्या एवढंच बोलल्या.

घरी नऊ कांदे होते. आक्कांनी ते नऊच्या नऊ लावले. सात जगले. पण आक्का हुशार, त्यांना पुढचं दिसत होतं. ह्या सातांचे घोस झाले तरी पाऊस ते खाणार, पुढच्या वर्षी थोडे, त्याच्या पुढच्या वर्षी काहीच नाही. कांदा सडतो, तर मग सडणार नाही असं त्याचं काय असतं? ह्या विचारानं त्यांना घेरलं होतं.

आता माझा गाढवपणा. थंडी सरता सरता त्या कांद्यांतल्या तिघांना डेंगळे आले. डेंगळा म्हणजे कांद्याच्या मधून निघणारा पोकळ दांडा, टोकाला फुलाचा गोंडा. डेंगळा आला की कांदा पोसत नाही, म्हणून दिसला की खुडायचा आणि बेसन पेरून भाजी करायची, ही जगरहाटी. मी दोन खुडले. भाजी केली, सगळ्यांना वाढली, वर विचारलं, कशी झाली? आक्का शेतातून आल्या, पानातली भाजी बघितली आणि तडक परसात गेल्या. मागोमाग मी गेले. उरलेल्या एका डेंगळ्यापाशी त्या बसल्या होत्या.

"रतन, ह्याच्यात बी धरंल," म्हणाल्या. "म्या त्याचीच वाट बघत व्हती."

मला रडू फुटलं. आक्का रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी लुगड्याच्या काठाची एक चिंधी फाडली आणि त्या डेंगळ्याला बांधली, कुणी खुडू नये म्हणून. झालं असं की शेजारच्या फुलाबाईनं ती चिंधी बघितली आणि बनाबाईनं नवस बोललाय असं गावभर केलं. दुसऱ्या दिवशी दांड्याच्या बुडाशी हळदकुंकू! दोघी-तिघी तर हात जोडून गेल्या. सासूबाईंनाही त्याला हात लावायचा धीर होईना. "कुटल्या देवाचा हाय गं?" असं त्या मला हळूच विचारायच्या. मी सांगितलं, किकवीच्या.

चैत्र संपता संपता गोंडा वाळला. आक्कांनी तो सुपात चोळला तेव्हा चिमूटभर काळं बी निघालं. आमच्याकडं बी ठेवायची जागा एकच, चुलीवरचा माळा. धुरात कीड लागत नाही म्हणून भाताचं, नाचणीचं, सगळं बी तिथं. आक्कांनीही पुरचुंडी करून तिथंच ठेवली. पिढ्यान् पिढ्यांची रीत पाळली आणि तिथंच त्या फसल्या. कारण भाताचं बी पहिल्या पावसाला माळ्यावरून उतरतं आणि रानात जातं. पावसाळा घरात काढायची वेळ आमच्या कुठल्याच बियावर येत नाही. ह्या कांद्याच्या बियाला मात्र दिवाळीपर्यंत थांबायचं होतं. चार महिने खाली भात शिजतोय, आंघोळीचं पाणी तापतंय, ओली घोंगडी वाळतायत. कार्तिकात पेरलं, पंधरा दिवस पाणी घातलं, एक कोंब दिसला नाही. आक्कांनी मातीतून एक दाणा उकरून काढला आणि नखानं दाबला. तो पिठासारखा फुटला.

"शिजलंय ह्ये," त्या म्हणाल्या. "आपुनच शिजवलं."

माळेतले सहा कांदे वाचले होते, ते लावले. पुढच्या फाल्गुनात चार डेंगळे आले, चारांनाही चिंध्या, आणि राखण करायला मी. परसात कोंबडीसुद्धा फिरकू दिली नाही. ह्या वेळी बी ओंजळीत मावेल एवढं निघालं. आता ते ठेवायचं कुठं ह्यावर आम्ही दोघी महिनाभर बोलत होतो. सासूबाई म्हणायच्या, माळ्यावरच ठेवा, चांगला दिवस बघून ठेवा. शेवटी आक्कांचं लक्ष नाचणीच्या कणगीकडं गेलं. नाचणी कितीही वर्षं राहू द्या, तिला कीड नाही, ओल नाही, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. आक्का म्हणाल्या, "नाचनी सवता सुकी ऱ्हाती, मंग तिच्या पोटात ठिवल्यालं बी सुकंच ऱ्हाईल." एका वाळक्या भोपळ्यात त्यांनी कोरडी राख आणि बी भरलं, तोंड मेणानं बुजवलं आणि भोपळा कणगीत खोल पुरला. ह्या बाईनं कधी पाटी बघितली नव्हती, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

त्या वर्षी, छत्तीस साली, पाऊस असा लागला की आढ्याच्या माळेतला एकही कांदा वाचला नाही. शेवटचा पिचका कांदा सासूबाईंनी उकिरड्यावर टाकला आणि म्हणाल्या, "झालं. गेला तुज्या आईचा कांदा." ह्या वेळी टोमणा नव्हता, त्यांनाही वाईट वाटलं होतं. आता जे काही होतं ते त्या भोपळ्यात, आणि भोपळा फोडून बघायची सोय नाही. त्यातच श्रावणात बांगड्या भरणाऱ्या कासाराच्या तोंडी किकवीचा निरोप आला. सखूबाई आजारी होत्या. निरोपात पुढं असं होतं, माजी काळजी करू नगं, पर रिकाम्या हातानं येऊ नगं. मी म्हटलं, आक्का, जाऊन या, आईपुढं कसली प्रतिज्ञा? आक्का बराच वेळ भाताची रोपं धुवायचं सोंग करत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिनंच सांगितलंय ना." लेक कुणावर गेली होती ते मला त्या दिवशी कळलं.

दिवाळी आली. कांद्याचं बी बारीक, उगवायला आळशी, आणि तोवर गवत त्याला गिळून टाकतं. मागच्या खेपेला वाफा गवतानं भरला होता तेही आक्कांनी लक्षात ठेवलं होतं. आमच्याकडं भाताचं रोप करायचं तर आधी राब भाजतात. जमिनीवर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून पेटवायचं, म्हणजे गवताचं बी जळतं आणि राखेचं खत होतं. पण हे काम उन्हाळ्यातलं. दिवाळीत राब भाजलेला कुणी ऐकलाही नव्हता. आक्कांनी बाजेएवढ्या वाफ्यावर गोवऱ्या आणि पाला रचला आणि पाडव्याच्या सकाळी पेटवून दिला.

धूर बघून मामंजी, म्हणजे आमचे सासरे कोंडिबा, पाण्याची घागर घेऊन धावत आले. त्यांना वाटलं पेंढ्याची उडवी पेटली. समोर बघतात तर सून राब भाजतीय.

"आगं, दिवाळीत राब? पाऊस कुटं हाय?"

आक्का सासऱ्यांशी कधी तोंड वर करून बोलत नसत. पदर पुढं ओढून एवढंच म्हणाल्या, "मामंजी, घागर हितंच ठिवा. वाफ्याला लागंल."

मामंजींनी निमूट घागर ठेवली. गाव मात्र निमूट राहिलं नाही. कुणी अवेळी काही काम काढलं की "काय बनाबाईचा राब हाय का?" असं म्हणायची टूम निघाली. विहिरीवर हे ऐकून मी दोन वेळा भांडले. त्यातलं एक भांडण फुलाबाईशी होतं आणि ते मी जिंकले.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. गावातल्या लेकी माहेरी चालल्या होत्या. आक्कांनी निवलेल्या राखेवर बोटानं रेघा ओढल्या, कणगीतून भोपळा काढला, मेण खरवडलं आणि भावाला ओवाळायच्या वेळेला बी पेरलं. पाणी घालायचं ते तांब्यानं नाही, कडुलिंबाची डहाळी बुडवून शिंपडायचं. सकाळ-संध्याकाळ आम्ही दोघी त्या वाफ्यापाशी. आठवा दिवस गेला, नववा गेला. दहाव्या दिवशी मला झोप लागली नाही, कारण ती दोन डेंगळ्यांची भाजी माझ्या घशाशी येत होती. अकराव्या दिवशी सकाळी आक्कांनी हाक मारली ती शेतापर्यंत ऐकू गेली असेल.

राखेतून हिरवे केस निघाले होते. कांद्याचा कोंब सरळ येत नाही. नव्या सुनेसारखा मान खाली घालून येतो आणि चार दिवसांनी ताठ होतो. सासूबाई काठी टेकत आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बया! ह्ये तर लई हायेत!" दोनशेच्या वर रोप झालं. सगळं परसू लावूनसुद्धा उरलं, ते मी शेजारी वाटलं. फुलाबाईलाही दिलं.

पण अजून घोडं गंगेत न्हालं नव्हतं. चैत्रात कांदे काढले तर प्रत्येक रोपाला एकच कांदा. रंग तोच, तिखटपणा तोच, घोस मात्र नाही. सासूबाई म्हणाल्या, वाण बिघडलं. आक्कांचा चेहरा उतरला. असा कांदा घेऊन किकवीला जायचं म्हणजे सावळारामांच्या हातात कोलीत द्यायचं. त्या वर्षी त्या गेल्या नाहीत. पावसातून वाचलेले कांदे कार्तिकात पुन्हा लावले, त्यांच्या डेंगळ्यांचं बी वेगळं भोपळ्यात ठेवलं आणि आणखी एक वर्ष तोंड मिटून काम केलं.

अडतीस सालच्या चैत्रात पहिला कांदा मी उपटला. बुडाशी माती झटकली आणि बघते तर घोस. मी मोजले, सात होते. आक्कांना दाखवायच्या आधी मी ते कपाळाला लावले, आणि सांगायला लाज कसली, तिथंच मातीत बसून मी मोठ्यानं रडले. बियाचा कांदा पहिल्या वर्षी एकटाच येतो, दुसऱ्या वर्षी त्याचं कुटुंब होतं. आज हे मी सहज लिहिते, पण तेव्हा आमच्या पंचक्रोशीत हे माहीत असलेली बाई एकच होती आणि ती माझी जाऊ होती.

त्या भाऊबीजेला मामंजींनी स्वतः गाडी जुंपली. वाटेत नसरापूरला बैल सोडले तर ओळखीच्या आणि बिनओळखीच्या माणसांनाही ते सांगत होते, "आमच्या सुनंनं दिवाळीत राब भाजून कांदा केलाय." दोन वर्षांपूर्वी घागर घेऊन धावलेलं मात्र कुणाला सांगितलं नाही. गाडीत पाच माळा होत्या, आणि आक्कांच्या मांडीवर भोपळा.

किकवीच्या उंबऱ्यापाशी आक्का क्षणभर थांबल्या. मग एक माळ पुढं धरली आणि उजवं पाऊल आत टाकलं. सावळाराम उठून उभे राहिले. डोईचं पागोटं नीट केलं. आक्कांनी पाट मांडला, भावाला ओवाळलं. सावळारामांचा हात ओवाळणीसाठी पुढं आला तेवढ्यात आक्कांनी ताटात स्वतःच माळ ठेवली.

"दादा, औंदा वव्वाळणी म्या आणलीया."

सखूबाई तिथंच, त्याच भिंतीशी होत्या. फार वाळल्या होत्या, नजर मंद झाली होती. आक्कांनी एक कांदा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो अंगठ्यानं चाचपला, नखानं टोकरून वास घेतला. "व्हय. ह्योच," म्हणाल्या, आणि दुसऱ्या हातानं आक्कांचा चेहरा चाचपायला लागल्या.

मग आक्कांनी भोपळ्याचं मेण काढलं, थोडी राख फुंकून टाकली आणि आईच्या तळहातावर बी ओतलं.

"ह्ये काय गं? काळं तीळ?"

"आई, बी हाय. तुज्या कांद्याचं."

"ह्याला बी असतं?" सखूबाईंनी हात डोळ्यांशी नेला. जन्मभर तो कांदा लावलेली बाई, पण डेंगळा दिसला की खुडत आलेली. "माज्या आईनं मला कांदा दिला, म्या तुला कांदा दिला. बी कुनीच कुनाला दिलं न्हवतं." त्यांनी मूठ मिटली आणि हसल्या. त्या हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. मग मान वळवून त्यांनी लेकाला हाक मारली. त्या घरात त्यांचा आवाज एवढा चढलेला कुणी ऐकला नसेल.

"सावळ्या, हिकडं ये. परसातला मोटा कांदा काडून टाक आन ह्ये पेर. कसं पेरायचं त्ये तुजी भन सांगंल."

सावळाराम आले, आईपुढं बसले आणि बी घ्यायला त्यांनी हात पुढं केला. सखूबाईंनी मूठ उघडली नाही.

"हातात न्हाई," त्या म्हणाल्या. "उपरणं पसर."

सावळारामांनी बहिणीकडं बघितलं, मान खाली घातली आणि खांद्यावरचं उपरणं काढून पसरलं.